एका कटिंगच्या भावात

माझी बहीण कुणाच्या बापाचं ऐकत नाही. आमचा बाप होता तोवर त्याचंही ऐकत नव्हती, तेव्हा बाकीच्यांनी वाईट वाटून घेऊ नये. घरात तिला सगळे धाकटी म्हणतात. चाळिशीला टेकली, भांगात पांढरे दिसायला लागले (मला आधी दिसतात, धंदाच तो आहे), तरी धाकटीच. मी तिचा थोरला भाऊ. कोपऱ्यावर, औषधाच्या दुकानाला लागून माझं सलून आहे. तीन खुर्च्या, त्यातली एक मोडकी, तिच्यावर वर्तमानपत्रांचा ढीग. तुम्ही म्हणाल, सलूनवाला बोलायला लागला की थांबत नाही. बरोबर आहे, थांबणार नाही. हे मला कुणाला तरी सांगायचंच आहे आणि माझी गिऱ्हाईकं ऐकून ऐकून आता माना हलवायला लागलीत. मान हलली की कात्री कानाला लागते, म्हणून तुम्हाला सांगतोय.

धाकटी दिवसा फोनवर शिव्या खाते. म्हणजे नोकरीच तशी आहे. बाहेरदेशी कपडे धुण्याची मशिनं विकणारी एक कंपनी आहे, तिच्या तक्रारी इथे बसून ऐकायच्या. बसस्टॉपसमोरच्या इमारतीत तिसरा मजला, पत्र्याच्या कपाटांसारख्या खोपट्यांची रांग, प्रत्येकात एक खुर्ची आणि एक माणूस. कानाला हेडफोन आणि पलीकडून कुणीतरी तापलेलं. याचं मशीन गळतंय, त्याचं दार उघडत नाही, आत मोजे अडकलेत, आणि दोष कुणाचा? हिचा! मी असतो तर पहिल्याच दिवशी एखाद्याची बिनपाण्यानं केली असती. ही आपली शांतपणे म्हणते, "मी समजू शकते, सर." वर्षानुवर्षं तोच सर आणि तीच समजूत. घरी येते तेव्हा उजवा कान लाल झालेला असतो. त्या कानात हल्ली शिट्टी वाजते म्हणते.

आणि संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी, जेवण झाल्या झाल्या, ती माझ्या दुकानाच्या मागच्या, घराला लागून असलेल्या खोलीत शिरते. त्या खोलीत पूर्वी माझे टॉवेल आणि कलपाच्या बाटल्या असायच्या. आता तिथे तिचा कॉम्प्युटर आहे आणि माझे टॉवेल बिचारे दारामागे खिळ्याला लोंबतात. तिथे बसून ती गेम करते. खेळत नाही, करते! तयार करते. एकटी. चित्रं तिची, बोलणं तिचं, पेटीचे सूरही तिनेच कुणाकडून तरी शिकून घातलेले. मी सुरुवातीला कपाळाला हात लावला होता. म्हटलं, अगं, गेम पोरंटोरं खेळतात, तुझ्या वयाच्या बायका नातवंडांची वाट बघतात. ती म्हणाली, "लग्नच नाही केलं तर नातवंडं काय कुरिअरनं येणार का?" अशा बाईशी काय बोलणार? मी हात टेकले.

गेमचं नाव 'पुढचं कोण?' आता हे नाव कुठून आलं ते सांगायला नको. दिवसभर मी दुसरं काय ओरडतो? त्या गेममध्ये एक सलून आहे, माझ्याच दुकानाची नक्कल, मोडकी खुर्चीसुद्धा सोडली नाही बयेनं. तुम्ही कारागीर. गिऱ्हाईक येऊन बसतं, तुम्ही कापायला लागता आणि ते बोलायला लागतं. कुणाची बदली झालेली, कुणाचं भावाशी बिनसलेलं. त्याला काय उत्तर द्यायचं ते तुम्ही निवडायचं. बरोबर बोललात तर मान स्थिर राहते. नको ते बोललात तर मान हलते आणि डोक्यावर टक्कल पडतं. मी खेळून बघितलं. इतकी वर्षं ह्या धंद्यात काढली, हजारो डोकी हाताखालून गेली, आणि माझंच पहिलं गिऱ्हाईक अर्धं कापलेलं उठून निघून गेलं! धाकटी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती. माझी बायको तर दारात उभी राहून म्हणाली, "बरं झालं, आता कळलं ना जास्त बोललं की काय होतं!"

त्यातलं एकूण एक बोलणं धाकटीनं माझ्या दुकानातून उचललंय. लहानपणापासून ती त्या मोडक्या खुर्चीच्या शेजारी बसून अभ्यास करायची. अभ्यास कसला, कान इकडे.

तर गेम झाला. आता तो विकायचा. हल्ली गेमची दुकानं कॉम्प्युटरवरच असतात, एक दुकान साऱ्या जगाला पुरतं. पण गंमत अशी की दुकान एक असलं तरी भाव एक नसतो. प्रत्येक देशाला आपापला भाव लावता येतो. ज्या देशात माणूस बसलाय त्या देशाचा भाव त्याला दिसतो. पैसेवाल्या देशात जास्त, आपल्यासारख्यांकडे कमी. कितीला विकायचा ते बनवणाऱ्यानं ठरवायचं, आणि ठरवता येत नसेल तर एक बटण असतं. ते दाबलं की दुकान स्वतःच सगळ्या देशांचे आकडे भरून देतं.

तिनं ते बटण दाबलं तेव्हा मी तिथेच होतो, माझ्या सुट्टीच्या दुपारी, वस्तऱ्यांना धार लावत. भराभर आकडे आले. आपल्या देशाच्या आकड्यावर तिची नजर थांबली. तिनं आत हाक मारली, "वहिनी, एवढ्यात काय येतं गं?"

माझी बायको पदराला हात पुसत आली, आकडा बघितला आणि म्हणाली, "एवढ्यात गॅसची टाकी येते."

"झालं मग," मी म्हटलं. "टाकी सोडून तुझा गेम घेईल असा एक माणूस ह्या गावात दाखव, मी त्याची जन्मभर फुकट दाढी करतो."

आणि तुम्हाला म्हणून सांगतो, नुसता भावाचा प्रश्न नव्हता. आपल्याकडे गेम विकत घेतं कोण? कुणीच नाही. पोरं, बापे, शिकलेले, बिनशिकलेले, सगळ्यांकडे चोरीची कॉपी. एकाकडून दुसऱ्याकडे पेनड्राइव्ह फिरतो, भाजीच्या बदल्यात भाजी जावी तसा. त्यात कुणाला चोरी वाटतच नाही. विकत घेणारा वेडा ठरतो. मोठमोठे गेम टाकीच्या भावात, दोन टाक्यांच्या भावात विकायला ठेवलेले, ते काय आपल्यासाठी थोडेच असतात! काचेपलीकडचे दागिने ते. आपण बघायचं आणि पुढे चालायचं.

धाकटीनं तो आकडा पुसून टाकला. मग खुर्ची फिरवून मला म्हणाली, "दादा, तू कटिंगचा भाव कसा ठरवतोस?"

"ठरवतो कसला? गिऱ्हाइकाच्या खिशाकडे बघतो, मग गल्लीच्या तोंडाशी दुसरं सलून आहे त्याच्या पाटीकडे बघतो, मग देवाकडे बघतो."

ती हसली नाही. ती हसली नाही की समजायचं, डोक्यात काहीतरी शिरलंय आणि आता ते निघणार नाही. म्हणाली, "डोकं सगळ्या जगात एवढंच असतं. कात्री तीच. वेळ तेवढाच लागतो. आणि कटिंग काही परदेशातून मागवता येत नाही, ती तिथल्या माणसानं तिथल्या माणसाचीच करायची. म्हणजे ज्या देशात कटिंगला जे देतात, तीच तिथल्या माणसाच्या वेळेची खरी किंमत. माझा गेम सगळीकडे एका कटिंगच्या भावात."

मी म्हटलं, "तुझं डोकं फिरलंय."

"फिरू दे," ती म्हणाली, "तुलाच कापायचंय."

आणि मग सुरू झाला तो तमाशा! गेम तपासायला तिनं देशोदेशींच्या खेळणाऱ्यांना आधीच दिला होता. त्या सगळ्यांना तिनं विचारलं, तुमच्याकडे साधी कटिंग कितीला? लोकांना काय, केसांवर बोलायला सगळ्यांनाच आवडतं. एकानं आपल्या टकलाचा फोटो पाठवून विचारलं, मला फुकट मिळणार का? बर्फाच्या देशातला एक जण म्हणाला, आमच्याकडे थंडीत कुणी कापतच नाही, उन्हाळ्यात बायको स्वयंपाकघरात बसवून कापते आणि वर चुका काढते. एका देशाचा भाव तर इतका चढा आला की मी म्हटलं, हे डोक्याची मालिश धरून सांगतायत, माझा धंदा आहे, मला कळतं. पैज लावली. धाकटीनं पुन्हा विचारून घेतलं. मालिश वगैरे काही नव्हतं, तिथे उत्तर देणाऱ्या सगळ्या बायका होत्या, आणि बायकांची कटिंग तिकडे दुप्पट. तिनं पुरुषांचा भाव विचारून तो धरला आणि वर मलाच ऐकवलं, "दादा, अर्धं जग बायकांचं आहे, तुझ्या दुकानात येत नाहीत म्हणून काय झालं!" पैज मी हरलो. आठवडाभर मागच्या खोलीचा केर मी काढला.

असे तिनं एकेक करून सगळे देश भरले. आपल्या देशाचा भाव ठरवायला मात्र कुणाला विचारलं नाही, माझ्या आरशाशेजारच्या पाटीवरून उतरवून घेतला.

एक गोष्ट खरी, श्रीमंत देशातले काही लोक फार कुरकुरले. तिकडे एका कटिंगला आपल्या डझनभर कटिंगांएवढे पैसे पडतात. एकानं जाहीर विचारलं, त्यांना एवढ्या स्वस्तात आणि आम्हाला एवढा महाग, हा कुठला न्याय? धाकटीनं त्याच्याखाली लिहिलं, "तुमचं डोकं महाग आहे, साहेब. त्यात माझा काय दोष?" त्याला ते इतकं आवडलं की त्यानं दोन घेतले.

गेम चालला. फार नाही, बरा चालला. पण नवल बाहेर नव्हतं, इथे होतं. इथे लोक विकत घ्यायला लागले! माझा विश्वासच बसेना. पैसे काही फार जमत नव्हते, एका कटिंगमधून उरणार किती? नोकरी सोडण्याइतके तर मुळीच नाही. आणि तिला तेवढंच हवं होतं हो. तो हेडफोन खुंटीला टांगायचा, पुन्हा कानाला लावायचा नाही, आणि दिवसभर गेमच करायचे. दुसरं काही मागितलं नाही तिनं आयुष्यात. बापाच्या घराच्या वाटणीतही नाही.

आणि नेमकं तेच द्यायला एक बाई माझ्या दुकानात आली.

बाई इथलीच, पण कंपनी बाहेरची. दुसऱ्यांचे गेम घेऊन ते मोठ्या प्रमाणावर विकणारी कंपनी. छान कापड, छान बूट, केस मात्र कुणीतरी एका बाजूला जास्त उडवलेले, मला बघवेना. गेममधलं खरं दुकान बघायचं म्हणून मुद्दाम इथेच भेटायला आली होती. बसायला जागा कुठली? मी दुसऱ्या खुर्चीत बसवलं, आणि सवयीनं, शपथ सांगतो निव्वळ सवयीनं, पांढरा कपडा झटकून तिच्या गळ्याभोवती बांधला. तशीच कपड्यात गुंडाळलेली, नुसतं डोकं बाहेर, बाई आरशातून धाकटीकडे बघत सगळं बोलली. मध्येच कपडा काढला तर आणखी विचित्र दिसेल म्हणून मी मुकाट उभा राहिलो.

तिचं म्हणणं असं. गेम आमच्याकडे द्या. टीव्हीला जोडायच्या खेळाच्या मशिनांवर तो आणू, दहा भाषांत करू. तुम्ही नोकरी सोडा, हाताखाली दोन माणसं घ्या, पुढच्या गेमचे पैसे आत्ताच धरा.

मी आरशात धाकटीकडे बघितलं. तिचा हात आपोआप उजव्या कानावर गेला होता.

"अट एकच," बाई म्हणाली. "जगभर एकच भाव. तुमच्या इथला स्वस्त भाव काढायचा."

"का?" धाकटीनं विचारलं.

बाईनं कपड्याखालून हात काढून फोन दाखवला. झालं होतं असं की श्रीमंत देशातले लोक आपण इथेच बसलोय असं कॉम्प्युटरला खोटं भासवून इथल्या भावात गेम घेत होते. इथून विकल्या गेलेल्या गेमपैकी बरेचसे खेळले जात होते भलत्याच देशांत. म्हणजे बघा! तिकडे आपल्या डझनपट कमाई करायची आणि घ्यायला आमच्या रांगेत घुसायचं, तोंडाला फडकं बांधून! माझं टाळकंच सटकलं. मी म्हटलं, "धाकटे, हे लोक तुला सरळ सरळ टोपी घालतायत. बाई बरोबर बोलतायत. काढून टाक तो भाव."

धाकटी मला म्हणाली, "दादा, ती पाटी वाच."

माझ्या दारावर एक पाटी आहे, 'विद्यार्थ्यांना अर्धा भाव.'

"आता सांग," ती म्हणाली, "तो विम्यावाला किती देतो?"

काय आहे, माझं एक गिऱ्हाईक विमा एजंट आहे. पोट सुटलेलं, मिशा पिकलेल्या, थोरल्या मुलीचं लग्न झालेलं. दर महिन्याला येतो, ऐटीत कटिंग करून घेतो आणि अर्धेच पैसे ठेवतो. म्हणतो, माणूस आयुष्यभर विद्यार्थीच असतो. लाज नाही लेकाला!

"त्याच्यापायी तू पाटी काढलीस का?"

"काढीन कशी? मग खऱ्या पोरांनी काय करायचं?"

"मग मी तरी कशी काढू?" ती म्हणाली.

बाईनं फोन परत कपड्याखाली नेला. वाईट नव्हती ती, खरंच नव्हती. म्हणाली, "बरं, मधला एखादा भाव धरू. मी वरच्यांशी बोलून बघते."

"मधला म्हणजे इथल्या किती कटिंगा?"

बाईनं मनातल्या मनात हिशेब केला. "पाच."

"एका महिन्यात पाच कटिंगा लागतील एवढे केस इथे कुणाला येत नाहीत," धाकटी म्हणाली.

तेव्हा बाई पहिल्यांदा हसली. मग हळूच म्हणाली, "मी पण इथलीच आहे. माझ्या भावाच्या कॉम्प्युटरवर एक गेम विकतचा नव्हता. तुमचं मला कळतंय. पण वर बसलेत त्यांना नाही कळणार, त्यांना आकडे दिसतात. विचार करा. अशी संधी मी तुम्हाला पुन्हा नाही देऊ शकणार, खोटं कशाला बोलू." मी कपडा सोडला. जाताना मी न राहवून तिची ती उडालेली बाजू दोन कात्र्या मारून सारखी करून दिली. पैसे घेतले नाहीत.

त्या संध्याकाळी घरात जे काय झालं ते सगळं सांगत नाही, शेजाऱ्यांना विचारा, त्यांना तोंडपाठ आहे. मी म्हटलं, अक्कल गहाण टाकलीस का? लक्ष्मी दारात आली आणि तू तिला भाव विचारतेस? लोकांचं भलं करायला आधी स्वतःचा कान शाबूत पाहिजे! माझी बायको, जी नेहमी तिच्या बाजूनं असते, तीसुद्धा म्हणाली, "घ्या हो वन्सं. लोक चोरून खेळतीलच, पूर्वीही खेळत होते. तुमच्या कानाचं बघा."

धाकटीनं जेवण संपवलं, ताट उचललं आणि उभ्या उभ्या बोलली. आवाज चढवला नाही. "दादा, हा गेम मी कुणाचं बोलणं घेऊन केलाय? तुझ्या खुर्चीत बसणाऱ्यांचं. त्यांची भांडणं, त्यांचे विनोद, त्यांची रडगाणी, सगळं फुकट घेतलं मी. एक शब्द माझा नाही. आणि आता तो त्यांनाच परवडणार नाही असा विकू? वहिनी म्हणते चोरून खेळतील. खेळतील की. म्हणजे त्यांच्याच गोष्टी खेळायला मी त्यांना चोर करायचं?" मग ताट मोरीत नेऊन ठेवलं. "मला ती नोकरी सोडायचीय रे. फार सोडायचीय. पण अशी नाही."

मी चिडलो आणि ताट तसंच ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी तिनं बाईला फोन केला. मी गिऱ्हाइकाच्या मानेला साबण लावत होतो, मागच्या खोलीचा पडदा सरकलेला होता, सगळं ऐकू आलं. तोच आवाज, मशिनवाल्यांशी बोलायचा. "मी समजू शकते, मॅडम. नाही मॅडम. भाव तोच राहील." धन्यवाद म्हणाली, फोन ठेवला आणि कामावर गेली. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं, उलट घरात शांतता आहे म्हणून वहिनीला म्हणाली.

पण राग ओसरला तसं मला आतून काहीतरी व्हायला लागलं. मी दुकानात माणसांकडे बघायचो, ह्यानं घेतला असेल का, त्यानं घेतला असेल का. माझ्या पाटीवरचा भाव बघायचो आणि म्हणायचो, ह्या एवढ्याशा आकड्यापायी माझ्या बहिणीनं सोन्यासारखी संधी लाथाडली. आणि ऊर भरून यायचा. आमच्या सात पिढ्यांत एवढी मोठी गोष्ट कुणी नाकारली नव्हती, नाकारायला कुणी दिलीच नव्हती म्हणा. मला तिचा अभिमान वाटतो. घ्या, बोललो. तिच्या तोंडावर बोलणार नाही, ती भाव खाईल.

त्यानंतर पावणेदोन महिने गेले असतील नसतील, तिचा कान फारच दुखायला लागला. शिट्टी तर होतीच, आता आतून ठणका. सरकारी दवाखान्यात कानाचा वेगळा विभाग आहे, तिथे मीच तिला ओढून नेलं. लांबच लांब व्हरांडा, भिंतीला हिरवा रंग, बाकावर एका कानाला कापूस लावलेली माणसं ओळीनं बसलेली. आत डॉक्टरांच्या आधी एक नर्स कान साफ करून देते. पन्नाशीची, जाडसर, हात मात्र असा हलका की मला हेवा वाटला. टेबलाच्या कोपऱ्यावर तिचा जुनाट लॅपटॉप अर्धा उघडा होता, आणि त्याच्यावर माझं दुकान.

मी ओळखलं नसतं तर नवल. मोडकी खुर्ची, खिळ्याला टॉवेल. मी तोंड उघडलं मात्र, धाकटीनं माझ्या पायावर पाय दिला. जोरात.

"काय खेळताय?" तिनं विचारलं, अगदी साळसूद.

नर्सनं तिच्या कानात पिचकारी मारली. "हा होय? सलूनचा आहे. मधल्या सुट्टीत खेळते. एक आचारी येतो त्यात, त्याच्यापाशी अडकलेय बघा. काही केल्या मान हलवतोच मेला. कुणीतरी सलूनवाल्यानंच केला असणार, नाहीतर इतकं बारीक कुणाला सुचणार?"

मी घसा खाकरला. पायावरचा पाय आणखी दाबला गेला.

"आणि हा विकतचा आहे बरं का," नर्स म्हणाली. तिनं हात थांबवला, ते सांगायला खास थांबवला. "पैसे भरून घेतलाय. आमच्या घरात आजवर एक गेम कुणी विकत घेतला नव्हता, सगळे पेनड्राइव्हमधून. नवरा म्हणाला, वेडी झालीस का, फुकट मिळतोय की. म्हटलं, मिळू दे. बाकीच्यांनी आपल्याला कधी गिऱ्हाईक धरलंच नाही हो. लाखाच्या वस्तू मांडून ठेवायच्या आणि आपण चोरल्या की चोर म्हणायचं. हा पहिला कुणीतरी, ज्यानं आमच्या खिशाकडे बघून भाव लावला. मग त्याचं चोरून कसं खेळायचं? लाज नाही का वाटणार?"

धाकटीची मान एका बाजूला कललेली, कानातून पाणी गळतंय, आणि नजर समोरच्या भिंतीवर.

"आचाऱ्याला काही विचारू नका," ती शेवटी म्हणाली. "तो घरी कुणाशी बोलत नाही. नुसतं केसांना पाणी मारा आणि गप्प राहा. तोच बोलेल."

नर्सनं तिच्याकडे निरखून बघितलं. "म्हणजे तुम्ही पण खेळता?"

"खेळले आहे."

"विकत घेतलाय ना?"

आता हिनं काय सांगावं! स्वतः केलेला गेम कोण विकत घेतं? "नाही," ती म्हणाली.

नर्सनं पिचकारी ट्रेमध्ये ठेवली. "अहो, शोभतं का तुम्हाला? चांगल्या नोकरदार दिसताय. एका कटिंगचे पैसे नाहीत तुमच्याकडे? असे फुकटे असतात म्हणून असली माणसं मागे हटतात. आजच्या आज घ्या!"

"घेते," धाकटी म्हणाली. "चुकलंच माझं."

मी आयुष्यात तिला चुकलं म्हणताना ऐकलं नव्हतं. बापाला नाही, मला नाही.

डॉक्टरांनी थेंब दिले आणि सांगितलं, हेडफोन काही दिवस डाव्या कानाला लावा. आम्ही जिन्यात आलो आणि ती मधल्याच पायरीवर बसली. मला वाटलं चक्कर आली. बघतो तर हसतेय. हसता हसता रडायला लागली, ओक्साबोक्शी, शाळेतल्या पोरीसारखी, येणारीजाणारी माणसं बघतायत आणि हिला पर्वा नाही. मी म्हटलं, अगं, सांगून टाकायचं होतंस की तूच केलायस. ती म्हणाली, "कशाला? तिचं गिऱ्हाईकपण तिचं राहू दे." मी तिच्या शेजारी बसलो. माझ्या खिशात रुमाल नव्हता, खांद्यावर दुकानाचा टॉवेल राहून गेला होता, तोच दिला.

तिच्या ऑफिससमोरच्या बसस्टॉपवर उतरलो तसा तिनं फोन काढला. गेमचं दुकान उघडलं, आपलाच गेम शोधला आणि विकत घेतला, इथल्या पुऱ्या भावानं. मग पिशवीतल्या हेडफोनची पट्टी डाव्या कानाकडे फिरवून ठेवली आणि समोरच्या इमारतीत शिरली. तिची शिफ्ट सुरू व्हायची होती.